चेन का उतरते

३ जून, मंगळवार
चेन परत उतरली! पुलापर्यंत झकास चालली, पुढे उतारावर क्लच सोडला आणि खाडकन् आवाज. सायकल ढकलत घरी आलो. ही दारातच उभी. "मोटर तुम्हाला आणते की तुम्ही मोटरला?" बायकोचा टोमणा कानाआड करून मी चेन चढवायला बसलो.

सगळा खटाटोप भिंगरीसाठी. लेकीला नकाशे काढायला शिकायचंय, ते शिकवणारी संस्था अठरा किलोमीटरवर, आणि तिकडची बस बंद झालेली. तिथं वसतिगृह आहे म्हणे. नुसतं नाव निघालं की मी विषय बदलतो. म्हणून जुन्या सायकलला मोटर बसवली आणि मीच ठरवून टाकलं — वीस तारखेच्या आत सायकल सलग तीन दिवस बिनतक्रार जाऊन आली तर भिंगरी घरी राहणार. नाही तर वसतिगृहाचा फॉर्म. "बरं बाबा," म्हणाली. गुणी पोर.

४ जून, बुधवार
क्लचचं कळलं. केबल फार ताणलेली होती. मूठ सोडली तरी क्लच पुरता धरत नव्हता, म्हणून चढावर मोटर नुसती बोंबलायची आणि चाक ढिम्म. केबलला जरा ढील दिली. आता चढ चढते.
चेन मात्र उतरतेच.

६ जून, शुक्रवार
दुकानात चष्म्याचं भिंग घासत होतो. पाण्याची बारीक धार, दगडाची गुणगुण — तंद्री लागली. संध्याकाळ झालीय, मी खिडकीत, लांब वळणावर मोटरचा आवाज. भिंगरी येतेय. दुसरा दिवस, पुन्हा वळण, पुन्हा भिंगरी. असे किती दिवस गेले कोण जाणे, छान वाटत होतं. मग ती दारात उतरली आणि तिच्या केसांत पांढरं दिसलं. दचकलोच. भिंग एका बाजूनं पार पातळ झालेलं. मालक म्हणाले, "कुठे होतात?" काय सांगणार!

८ जून, रविवार
आज भिंगरीला घेऊन बसलो. मोटरच्या दातेरी चक्रापासून मागच्या चक्रापर्यंत दोरा ताणला. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. दोरा दोन्हीकडे सारखा टेकला पाहिजे, नाही तर चेन तिरकी धावते आणि उतरते. मागचं चक्र आऱ्यांवर डुगडुगत होतं, ते एकेक बोल्ट आवळून सरळ केलं. मागच्या चाकाचे नटही आवळले. पोरीचं डोकं तल्लख. "बाबा, डावा नट सैल झाला तर काय होईल?" म्हटलं, "मोटर चाकाला त्या बाजूनं ओढणार, चाक तिरकं होणार, चेन बाहेर." "आणि चाक निखळेल?" "नट अर्धा फेरा सैल झाला म्हणून नाही निखळत."
दुपारभर दोघंच अंगणात. हात काळे, गप्पा चालू. असा दिवस संपूच नये.

१० जून, मंगळवार
काल आणि आज ठणठणीत! उद्या तिसरा दिवस. हिला म्हटलं, लेक घरी राहतेय. हिनं भिंगरीकडे एकदा पाहिलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

११ जून, बुधवार
उतरली. संस्थेच्या फाटकासमोर. भिंगरीच होती सायकलवर. चेन हातानं चढवून आली बिचारी.

१३ जून, शुक्रवार
सायकल नेली दुरुस्तीच्या दुकानातल्या डॉक्टरांकडे. छातीला लावायची नळी नसली तरी गावभर त्यांना डॉक्टरच म्हणतात. मान वाकडी करून पाहिलं. "सगळं सुतासारखं सरळ आहे हो. डावा नट तेवढा ढिला. थरथरीनं होतं." नवा वॉशर टाकून, अंगातला सगळा जोर लावून आवळला.

१४ जून, शनिवार
पुन्हा ढिला! वैताग आलाय. ही म्हणते, "सोडा ना आता. जन्मात एकदा तरी हरा." मी? बेचाळीस वर्षं भिंगं घासतोय, केसाएवढी चूक सोडली नाही.

१५ जून, रविवार
भिंगावर खूण करायची पांढरी पेन्सिल आणली. नट पुन्हा आवळला, त्यावर एक रेघ, तीच पुढे सायकलच्या सांगाड्यावर. थरथरीनं फिरला तर रेघ तुटेल, कळेल तरी.

१६ जून, सोमवार
संस्थेला आज कसलीशी सुट्टी. सायकल जागची हलली नाही.
संध्याकाळी पाहिलं, रेघ तुटलेली. अर्धा फेरा. परत आवळून रेघ जुळवली.
कसली थरथर? हिला विचारलं. भांडी पुसता पुसता म्हणाली, "जगाला चष्मे देता. जवळचं काही दिसतं का तुम्हाला?"

१७ जून, मंगळवार
पहाटे जाग आली. अंगणात धुकं होतं, वाटलं अजून स्वप्नातच आहे. धुक्यात कोणीतरी सायकलीपाशी उकिडवं बसलेलं. भिंगरी. हातात माझा पाना. अर्धा फेरा, मोजून. नट फडक्यानं पुसला, पाना होता तिथं ठेवला. मग कितीतरी वेळ सीटवर हात ठेवून तशीच उभी राहिली. रडत होती बहुतेक. मी खिडकीतून मागे सरलो.

आधी संताप आला. मग शरम वाटली. पोरीला जायचंय. पहिल्यापासून जायचं होतं, आणि मी एकदाही विचारलं नाही. तिला नाही म्हणता येईना, मला दुखवताही येईना. मग बिचारीनं नटाला पुढे केलं.

१८ जून, बुधवार
काही लिहावंसं वाटत नाही. नट पुरता आवळून ठेवला. सायकल पाण्यासारखी पळाली.

१९ जून, गुरुवार
जेवताना म्हणालो, "हरलो बाई. ही चेन काही मला जमत नाही. फॉर्म आण, सही करतो."
भिंगरी उठून जवळ आली. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असू दे बाबा. तुम्ही खूप प्रयत्न केलेत."