कादंबरीकारांच्या दारी आपला नारळ

सोनवडी, २१ जानेवारी १९५६

सौ. राहीला आशीर्वाद, आणि आईच्या पायांवर डोकं.

मी सुखरूप आहे. "ताप उतरला" म्हणून तू मला एकट्याला धाडलंस, ते खरं होतं ना?

आगगाडीत खिडकी मिळाली. दोनदा तुला काही दाखवायला वळलो, तर शेजारी भलताच माणूस.

तू चुलीशी आणि मी उंबऱ्यावर बसून ज्यांची कादंबरी वाचली, त्यांचं घर आज पाहिलं. कादंबरीतली चिंच नाही, माडीही नाही. भाडेकरू राहतात. रिकाम्या हाती कसं जायचं, म्हणून तू दिलेला आपल्या परसातला नारळ पुढे केला.

दारातली बाई म्हणाली, "लिवणारे कोण ते मला नाय ठाव. पण तुम्ही आमच्याकडचे!" माझ्या बोलण्यावरून तिनं ओळखलं. तिचं माहेर आपल्याच बाजूचं, हेदवीचं. तिनं नारळ कानाशी हलवला, आतलं पाणी वाजलं आणि तिचे डोळे भरले. मग तो फोडून एक कवड देवापुढे ठेवली, दुसरी माझ्या हातात दिली. "वहिनींना द्या."

तू आजारी आहेस हे तिला सांगवलं नाही.

आपण ठरवलेली पुढची दोन गावं राहू देत. कादंबरीतला तो नदीचा घाट एकटा काय बघू? उद्या निघतो. कोल्हापूरपर्यंत गाडी, मग एस.टी.

कवड ओल्या फडक्यात ठेवलीय. पत्र आधी पोचलं तर आईला तुझ्यासाठी पेज टाकायला सांग. खोबरं मी आणतोय.

तुझा,
गोविंदा