हसऱ्या वाघाचे दात

१२ नोव्हेंबर, सकाळ

वाचणाऱ्यांनी आधी चष्मा शोधावा. कपाळावर आहे. कालही तिथेच होता, आणि तो शोधायला काल आपण माझ्या पिठाच्या डब्यात हात घातलात, गुरुजी.

तर ही वही माझी. अक्षरं शेजारच्या फान गुरुजींची, कारण मला अक्षर येत नाही. बोलणं माझं, कारण ते गुरुजींना येत नाही. चाळीस वर्षं शाळेत शिकवून माणूस अर्धीच बाटली भरला. शिरक्याची भरलेली बाटली गप्प बसते, अर्धी डुचमळते. गुरुजी म्हणतात, वहिनी, हे मी लिहिणार नाही. मी ओळी मोजतेय. लिहा.

वही कुणाला दाखवायची नाही. लग्न झालं की गुरुजी वाचतील, मी ऐकेन आणि स्वतःची पाठ थोपटून घेईन. कारण निश्चय केलाय.

निश्चय असा. नात चिंगलानचं लग्न १८ डिसेंबरला. तोवर तिच्या सासरच्या एकाही माणसाला मी नाव ठेवायचं नाही. हे तिने ठरवलं, मी मान्य केलं. म्हणाली, आजी, हॉलमध्ये पहिल्या टेबलाशी तुझी खुर्ची आहे, वर तुझ्या नावाची चिठ्ठी. एक शब्द निघाला की चिठ्ठी काढीन, तू घरी. माझ्याच हातच्या शेवया खात म्हणाली.

तिचे आईबाप शहरात कारखान्यात होते. दोन वर्षांची होती तेव्हापासून मी वाढवली. आता तिला दोन्ही हातांनी चहाचा पेला सासूसासऱ्यांपुढे धरताना बघायचंय. दुसरं काही मागणं उरलेलं नाही. पाच आठवडे तोंड बंद. त्यात काय एवढं?

त्याच दिवशी, दुपार

मुळात मी नावं ठेवतच नाही. माणूस जो आहे तो मला दिसतो, एवढंच. बाकीच्यांना दिसत नाही हा माझा दोष नव्हे.

१५ नोव्हेंबर

थांग मंडळी येऊन गेली. मुलाचे वडील, आई, थोरले काका आणि मुलगा. मी जिभेखाली तिरफळाचा दाणा धरून बसले होते. जीभ बधिर, निश्चय शाबूत.

वडील, थांग साहेब. फरशांचं दुकान आहे. सारखे हसतात. आमच्या गावचे ढोलवाले न्यायचं ठरलं होतं. हसून म्हणाले, हॉलमध्ये आवाज घुमतो हो. ढोल गेले. बोकड आमच्याकडून जायचा होता. हसून म्हणाले, आजीबाईंना कशाला दगदग? बोकड गेला. दर हसण्याला आमचं काहीतरी जात होतं, आणि माझा मुलगा बाओछंग माना डोलावत होता.

काकांनी चहा भेट आणला, सुरेख नक्षीच्या डब्यात. चहा आमच्या बरणीत ओतला, डबा पुन्हा पिशवीत घातला.

विहीणबाई. नवरा म्हणाला शेवया खारट, त्या म्हणाल्या खारटच. मी म्हटलं मीठ कमी पडलं का? म्हणाल्या, हो, कमीच पडलंय.

मुलगा यीफंग. अख्ख्या दुपारभरात दोन शब्द. एक हो, दुसरा पुरे.

चौघांचीही नावं दाताशी येऊन उभी होती. गिळली. निश्चयाला पूर्ण यश.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ

कोंबड्यांना दाणे टाकताना त्यांना सांगितली. कोंबड्या धरायच्या नाहीत.

२० नोव्हेंबर

चार दिवस पोट फुगलंय. सूनबाई म्हणते, आई, मुळा जास्त खाल्लात. मुळा नाही. नावं अडकलीत. गुरुजी म्हणाले, वहिनी, मला सांगा, वहीबाहेर जाणार नाहीत. बरोबर आहे. वहीत सांगितलेलं काही बोललेलं होत नाही.

थांग साहेब: हसरा वाघ. वरून हसू, आत दात.
काका: लोखंडी कोंबडा. एक पीस उपटून दाखवा, बक्षीस देईन.
विहीणबाई: भिंतीवरचं गवत. वारा येईल तिकडे.
जावई: बिनतोंडाचा भोपळा. आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळायचं नाही.

गुरुजी हसता हसता खोकले. मला दोन वाट्या भात गेला.

२६ नोव्हेंबर

मुलीकडून सासरी वाफवलेली पिठाची चित्रं, म्हणजे हाताने वळलेले पशुपक्षी आणि फळं, जायची असतात. ती मी करणार. या पंचक्रोशीत माझ्यासारखा वाघ कुणाला वळता येत नाही, हे माझं म्हणणं नाही, सगळ्यांचं आहे.

काय करायचं ते सुचलंय. वाघ म्हणजे बळ. कोंबडा म्हणजे शुभ. गव्हाच्या ओंब्या म्हणजे बरकत. भोपळा म्हणजे मुलंबाळं. चारही लग्नातलीच. कोण बोट ठेवणार? चिंगलानने तोंडाला बंदी केली. हातांचं तिने काही म्हटलेलं नाही.

गुरुजी म्हणाले, वहिनी, नका. अर्धी बाटली डुचमळली.

२८ नोव्हेंबर

पहाटेपासून मळतेय. वाघाला काळ्या घेवड्याचे डोळे. ओठांच्या कडा कात्रीने वर उचलल्या आणि आत सोळा दात कापले, प्रत्येक तांदळाएवढा. कोंबड्याची पिसं फणीने दाबून अंगाला घट्ट चिकटवली, शेपटीचंसुद्धा एक सुटं नाही. ओंब्यांच्या नावाखाली गवत, पाती सगळी एका अंगाला झुकलेली. भोपळा गुळगुळीत, देठापासून बुडापर्यंत कुठे चीर म्हणून नाही.

सूनबाई डोकावली. म्हणाली, आई, हा वाघ हसतोय का? म्हटलं, लग्नाचा वाघ रडेल होय? गेली.

वाघ वाफेतून निघाल्यावर मी स्वतःच दोन पावलं मागे सरले. इतका हुबेहूब.

३० नोव्हेंबर

बाओछंग घेऊन गेला. आता थांग साहेबांचा चेहरा बघायला मी तिथे नाही, एवढंच दुःख. कळेल त्यांना, आणि बोलता काही यायचं नाही.

१ डिसेंबर

फोन आला. सगळ्यांना फार आवडलं. थांग साहेबांनी वाघ दुकानात काउंटरवर काचेखाली ठेवलाय, गिऱ्हाइकं फोटो काढतात. काका तर हरखलेत, त्यांचा जन्म कोंबड्याच्या वर्षातला. विहीणबाई म्हणाल्या, ओंब्या किती भरलेल्या! जावई म्हणाला, छान. म्हणजे त्याचे आता तीन शब्द झाले. सगळे म्हणताहेत म्हणे, आजीचं तोंड सुरीसारखं ऐकलं होतं, पण काळीज बाई टोफूसारखं मऊ!

चांगलं झालं. खुर्ची पक्की.

३ डिसेंबर

चांगलं झालेलं नाही.

साठ वर्षं पीठ मळतेय. सोळा दात कापले, ते काय शोभेला? ओंब्या म्हणे! गवत होतं ते, एका अंगाला पडलेलं, दाणा एक नाही त्यात. मी अडाणी, मला अक्षर येत नाही. पण मी काढलेलं त्या शिकलेल्यांना वाचता येत नाही, त्याचं काय?

५ डिसेंबर

गावातल्या तिघी जणी येऊन गेल्या. तसाच प्रेमळ वाघ आमच्याही मुलीला करून द्या. प्रेमळ! पाठीमागून आणखी एक आली, तिला मी घरात नाही म्हणून सांगितलं. मीच सांगितलं, खिडकीतून.

निश्चय नव्याने: तेरा दिवस. गप्प. लोकांना कळलं काय, न कळलं काय. मला कळतंय ना?

९ डिसेंबर, सकाळ

थांग साहेब आणि काका यायचेत. लग्नाच्या दिवशी कोण कुठल्या गाडीत बसणार ते ठरवायला. जिभेखाली दोन दाणे घेतलेत. मी सांगते तसं गुरुजी लिहितील की नाही देव जाणे, माझं बोलणं बोबडं येतंय.

९ डिसेंबर, दुपार

सगळं नीट चाललं होतं, हे आधी लिहा.

चिंगलान गरम पाणी ओतत होती. काका आमची सुपारीएवढी वाळकी बोरं खिशात घालत होते, मी बघून न बघितल्यासारखं केलं. थांग साहेब हसून म्हणाले, आजीबाई, तुमच्या वाघाने दुकानाला कळा आणली. मी मान हलवली. म्हणाले, अगदी माझ्यासारखा हसतो म्हणतात लोक. मी मान हलवली. हे त्यांनी स्वतः म्हटलं, मी नाही.

मग म्हणाले, फक्त दात जरा जास्त झाले, नाही का? चालायचंच, या वयात हात थरथरतो.

हात थरथरतो.

दाणे मी थुंकले. एक काकांच्या टोपीवर गेला, तो मुद्दाम नव्हता. म्हटलं, साहेब, थरथरत्या हाताने सोळा दात एका मापाचे येत नसतात. मोजा. ते दात आहेत कारण ते तुमचे आहेत. हसून आमचे ढोल नेले, हसून बोकड नेला, म्हणून वाघ हसतोय. आणि तुमच्या भावाचा कोंबडा लोखंडाचा आहे, त्याचं पीस मरेपर्यंत सुटायचं नाही, चहाचा डबा घरी पोचला का विचारा. आणि त्या ओंब्या नाहीत, गवत आहे, भिंतीवरचं, घरी जाऊन विहीणबाईंना सांगा, त्या हो म्हणतील. तुम्ही नाही म्हणालात तर नाही म्हणतील. भोपळ्याचं मी सांगणार नव्हते, पण राहिलाच होता म्हणून तेही सांगितलं.

काकांनी बोरं खिशातून काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली वेळ असावी.

थांग साहेब हसले. आधीपेक्षा जास्त. म्हणाले, वा, काय कला आहे! मग गाड्यांची यादी पुढे ओढली आणि हसून म्हणाले, आजीबाई, अठराला थंडी फार. तासभर गाडी, वर हॉलच्या पायऱ्या. तुम्ही आपल्या घरी आराम करा. जेवण आम्ही इथे पाठवू.

मी चिंगलानकडे पाहिलं. किटली हातात तशीच. म्हणाली, आजी, ठरलं होतं ना.

१० डिसेंबर

मी बरोबर होते. गुरुजी, याच्याखाली रेघ मारा. माझी खुर्ची नेली ती कशी नेली? हसून. आता तरी दिसला का वाघ? बाओछंगला विचारलं, दिसला का? तो म्हणाला, आई, दिसला तेव्हा तू त्याच्या तोंडात होतीस.

माफी मागायची नाही. खरं सांगितल्याची माफी कसली? स्वतः न्यायला येतील.

१४ डिसेंबर

आले नाहीत. चिंगलान आली. म्हणाली, यीफंगला भोपळ्याचं कळलं तेव्हा तो वडिलांच्या देखत हसत सुटला, जेवता जेवता, थांबेचना. मग म्हणाला, आजीला विचार, मी आतून कसला आहे? सांगताना तिचेही ओठ हलले. मग रागावलेय हे आठवलं.

म्हटलं, तीन दाणे घेऊन बसेन. चार घेईन. म्हणाली, नाही. खुर्ची काकांच्या मेव्हणीला गेली. म्हणाली, आजी, मी बोलून गेले, आता मागे घेतलं तर त्या घरात माझा शब्द कोण ऐकेल?

शब्दाची पक्की आहे. वाढवली कुणी?

१७ डिसेंबर

निश्चय: मीच जाणार नाही. गुडघा दुखतोय. परवापासूनच दुखतोय, कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

१८ डिसेंबर, सकाळ

नेली. लाल कपड्यांत ओळखू येईना. नवरा आधी माझ्यापुढे वाकला आणि म्हणाला, आजी, बाहेर वारा आहे, आत बसा. अख्खं वाक्य. भोपळा काही अगदीच पोकळ नाही. गाड्या वळणापर्यंत दिसल्या. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं, त्याचं बरोबरच होतं.

१८ डिसेंबर, दुपार

गुरुजींना आमंत्रण होतं, पण गेले नाहीत. म्हणतात, गुडघा. दोन गुडघे चुलीपाशी बसलोय.

बाओछंगने फोनवर दाखवायला घेतलं. म्हणाला, आई, बघ, आता चहा देतेय. मला हॉलचं छत दिसलं. दिवे पुष्कळ आहेत. ओरडले, खाली कर! मग त्याचा अंगठा दिसला. मग टाळ्या ऐकू आल्या. गुरुजी म्हणाले, दिला वाटतं. मी म्हटलं, मला कळलं.

मग फोनवर थांग साहेब आले. हसणं फोनमधूनही दिसतं. म्हणाले, आजीबाई, सगळं छान पार पडलं. जेवण पाठवतोय, काय काय आवडेल?

म्हटलं, थांबा, लिहून देते. गुरुजी, लिहा, आणि एक शब्द न गाळता त्यांना वाचून दाखवा.

भात नको, घरात आहे. गोड नको. गुरुजींना डुकराच्या मांसाचे मोदक पाठवा, वीस, ते दहा म्हणतील, ऐकू नका. मला मासा पाठवा. तुकडे नकोत, पहिल्या टेबलावरचा अख्खा, डोक्यासकट. माशाचं डोकं मानाच्या माणसाकडे करून ठेवतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा गाडीत ठेवताना डोकं आमच्या गावाकडे करा, आणि रस्ता वळेल तिथे ताट फिरवायला एक माणूस बसवा.