लेडी म्हणजे कणीक मळणारी

बाबा, मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावून कोणाचं काय बिघडणार, पण रागावले आहे.

मागच्या महिन्यात सीताबर्डीत साडीच्या दुकानात तुमची ती लाडकी भेटली. उमरेडहून एसटीनं तुमच्या इंग्रजीच्या शिकवणीला यायची ती. आता शाळेत हेडमास्तरीण आहे, थाट काय विचारता! मला पाहताच गळ्यात पडली. "सरांची लय आठवण येते वं," म्हणाली, आणि दुकानदार एकेक साडी उलगडत असताना तिनं मला एक गोष्ट सांगितली. ती पहाटे घरच्या पोळ्या करून बस पकडायची, नखांत कणीक वाळलेली असायची. एकदा शिकवणीतली पोरं त्यावरून हसली आणि ही रडकुंडीला आली. तेव्हा तुम्ही खडू खाली ठेवून पोरांना विचारलंत, लेडी म्हणजे काय रे? पोरं म्हणाली, बाई. लेडीज सीट, लेडीज टेलर, लेडी डॉक्टर. तुम्ही म्हणालात, "हे आत्ताचं झालं. शब्द फार जुना आहे. पहिले त्याचा अर्थ होता कणीक मळणारी. आणि लॉर्ड म्हणजे भाकर राखणारा. ह्या वर्गात लेडी एकच आहे, आणि तुम्ही तर राखणदारही नाही."

"त्या दिवसापासून मी हात लपवले नाही," ती म्हणाली. "तुले त सरांनी हे कितीदा सांगतलं असन!"

मी म्हटलं, हो, कितीदा तरी.

एकदाही नाही, बाबा! आणि कणीक तर मीही मळत होते. तुमच्याच घरात, भिंतीच्या पलीकडे, आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून रोज. वर्गातला हशा मला ऐकू यायचा, शब्द नाही. शिकवणी सुटते, तुम्ही आत येऊन पाटावर बसता, पहिला घास घेता, आणि मी तुमच्या तोंडाकडे पाहत उभी आहे. "मीठ कमी आहे." बस, एवढंच. इंग्रजीचा निबंध दाखवला तर "आधी आर्टिकल नीट लाव." लोकाच्या पोरीला शब्द आणि घरच्या पोरीला आर्टिकल! घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय.

घरी आल्या आल्या मी मोबाइलवर शोधलं. खोटं निघावं, असं फार वाटत होतं. तर खरंच निघालं, अगदी तुम्ही सांगितलं तसंच. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरी मग रोज दुपारी एकेक शब्द शोधत बसायची सवयच लागली.

परवा ती संत्रा बर्फी घेऊन घरी आली. चहा पिता पिता म्हणाली, "मले त लेडी देल्ला सरांनी. तुले कोणता शब्द देल्ला होता वं?" मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, विंडो. मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा. पूर्वी खिडकीला काच नसायची, भिंतीतून वारा आत यायचा, म्हणून वाऱ्याचा डोळा. "बाबांनी मला खिडकीपाशी उभं करून सांगितलं," मी म्हटलं, "खांद्यावर हात ठेवून."

तिचं तोंड उतरलं. एवढी मोठी हेडमास्तरीण, पण लहान पोरीसारखी म्हणाली, "हा त मले नाही सांगतला सरांनी. काहून नसन सांगतला?" मी म्हटलं, घरच्या गोष्टी असतात काही, आणि तिच्यापुढे बर्फी सरकवली. तिनं घेतली नाही.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून तर लिहिते आहे. तिला खरं काय ते मी कधीच सांगणार नाही. खोटा तर खोटा, पण तुम्ही दिलेला एक शब्द आता माझ्याकडे आहे, बाबा, आणि तो तिच्याकडे नाही.