धुक्याचे दोनशे बारा आकडे

१८ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असावं. भावोजींचा गुडघा काय म्हणतो? हे तुझ्या भावजयीने विचारायला सांगितलंय आणि पाकीट चिकटवण्याआधी ती तपासणार आहे, म्हणून पहिल्याच ओळीत उरकलं.

फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. पण फोनवर आपलं दोन मिनिटांत आटपतं. तब्येत, हवा, भाचीची नोकरी, चल ठेवते. गेल्या रविवारी जे झालं ते दोन मिनिटांत मावणारं नाही.

आपली चपटी आठवते? बाबांनी बोटीवरून आणलेला तो काळा कॉम्प्युटर, वहीएवढा, खोडरबरासारख्या बटणांचा. शेजारच्या काकूंना मी 'बाबांनी चपटी आणलीय, मी आणि ताई रोज घेऊन बसतो' असं सांगितलं होतं आणि आईने माझा कान धरून मला आत नेलं होतं. मला कित्येक वर्षं कळलंच नाही की मी काय चुकीचं बोललो.

तर चपटी अजून जिवंत आहे. आपली नाही, तिची जात. जिने ती काढली ती कंपनी सहा वर्षांत गुंडाळली गेली. ज्या मासिकातून आपण प्रोग्राम उतरवून घ्यायचो तेही बंद पडलं. मला वाटलं होतं, संपला विषय. पण दरवर्षी एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये शे-दीडशे माणसं आपापल्या चपट्या काखोटीला मारून येतात. त्यांत एक दंतवैद्य आहेत, एक बसचालक आहे, आणि कारखान्याला टाळं लागलं तेव्हा जन्मलीही नव्हती अशी पोरं-पोरी आहेत. एक जण घरी बसून बटणांखालचे पातळ पडदे नव्याने बनवतो, कारण जुने आता बिस्किटासारखे तुटतात. काही जण त्याच इवल्याशा मेमरीत बसणारे नवे खेळ लिहितात. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई त्या सगळ्याची नोंद ठेवतात. कुठला खेळ, कुठल्या साली, कुणाचा.

त्यांचंच मला पत्र आलं. 'परतीची बोट' हा खेळ लिहिणारे तुम्हीच का? आमच्या मेळाव्याला याल का?

गेलो. दुपारची वेळ होती. उंच खिडक्यांतून ऊन येत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. मला पुढे खुर्ची दिली. दंतवैद्यांनी खेळाची कॅसेट लावली आणि प्रोग्राम चपटीत चढतानाची ती किंचाळी सुरू झाली, ताई. तीच ती, दात आंबवणारी. पडद्याच्या कडेने निळे-पिवळे पट्टे पळायला लागले. चार मिनिटं कुणी हललं नाही. मी डोळे मिटले तर आपली ती समोरची खोली, आईने टीव्हीवर टाकलेलं भरतकामाचं कापड, आणि तू हनुवटीखाली गुडघे घेऊन बसलेली. उघडले तर पांढरं धुकं, मधे ती एवढीशी बोट, आणि लांबून घंटा.

मला माहीतच नव्हतं की हा खेळ लोकांना इतका आवडतो. त्यात कुणी मरत नाही, गुण मिळत नाहीत, घंटेच्या आवाजावर कान ठेवून बोट किनाऱ्याला लावायची एवढंच. बसचालक माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आमची आई दवाखान्यात होती तेव्हा मावशीच्या घरी मी हाच खेळत बसायचो. बाकीच्या खेळांत सारखी घाई. यात धुकं विरेपर्यंत थांबता यायचं." मग त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दंतवैद्यांनी मात्र एक कोडं घातलं. म्हणाले, "धुकं कमी-जास्त होतं ते उगाच होत नाही. मी आतला सगळा प्रोग्राम उलगडून पाहिलाय. त्यात शून्यापासून नऊपर्यंतच्या आकड्यांची एक रांग आहे, एकूण दोनशे बारा. बोटीच्या दर फेरीला पुढचा आकडा. मेमरीची एवढी मारामार असताना कुणी दोनशे बारा आकडे उगाच ठेवणार नाही. कुठून आणलेत?"

मी म्हटलं, चाळीस वर्षं झाली, आता कुठलं आठवायला. सगळे हसले, प्रेमानेच.

तुला काही आठवतंय का गं त्या आकड्यांबद्दल? सहज विचारतोय.

भाचीला आशीर्वाद. भावोजींना नमस्कार.

तुझा
धाकट्या


९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

'पत्र मिळालं' एवढा तुझा निरोप फोनवर आला. तीन आठवडे झाले, त्याच्या पुढे काही नाही. त्या दोन शब्दांकडे मी रोज बघतो. तू पूर्वीपासून अशीच. रागावलीस की शब्द मोजून काढतेस, कापडावर खडूने खूण करावी तसे.

मागच्या पत्रात मी एक वाक्य चोरून लिहिलं. 'मला पुढे खुर्ची दिली' असं लिहिलं, ती कुणाला द्यायला हवी होती ते लिहिलं नाही. सहज विचारतोय म्हणालो, तेही खोटं. सहज नव्हतं. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीच्या तिन्हींत हवेबद्दल फार होतं.

तो दिवस मला पुरता आठवतो. तुला आईला घेऊन डॉक्टरांकडे जायचं होतं. कॅसेट तू रुमालात गुंडाळली होतीस, खेळ मासिकाकडे पाठवायचा फॉर्म भरून ठेवला होतास, फक्त वरची ओळ कोरी होती. चपला घालता घालता तू म्हणालीस, "नाव घाल आणि पेटीत टाकून ये." कुणाचं ते म्हणाली नाहीस.

त्या एका न बोललेल्या शब्दाच्या आडोशाला मी एकेचाळीस वर्षं राहिलो. मनाशी म्हणायचो, तिने सांगितलंच कुठे होतं? कधी म्हणायचो, तिने मुद्दाम मलाच दिलं असेल, मी लहान म्हणून. चौदा वर्षांच्या पोराने तसं समजावं हे एक वेळ चालेल. पण मी पंचावन्नचा होईपर्यंत तेच समजत राहिलो. खरं म्हणजे फॉर्मवर पेन टेकवताना मला नीट ठाऊक होतं की हे माझं नाही. छापील रेघेवरही माझं नाव तिरकं आलं होतं.

मग मासिक आलं. माझा फोटो. आई दारोदार दाखवून आली. तू पान पाहिलंस, "फोटो चांगला आलाय," म्हणालीस आणि वाळत घातलेले कपडे आणायला गेलीस. मी तुझ्या पाठोपाठ जिन्यापर्यंत आलो होतो. तुला माहीत नाही. तू दोरीवरचे चिमटे काढून एकेक करून तोंडात धरत होतीस, त्यामुळे आत्ता बोलता येणार नाही असं मी ठरवलं आणि परत फिरलो. चिमटे संपल्यावरही मी बोललो नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. ते पान बघून मला तंत्रशाळेत घेतलं. त्या शिक्षणावर नोकरी, लिफ्टच्या कंट्रोलची, बरी चालली. तू कपड्यांच्या कारखान्यात पॅटर्न कापायला लागलीस. तिथले मास्तर म्हणायचे ना, ही बाई चार शर्टांच्या कापडात पाच काढते. ते ऐकलं की मला चपटीच आठवायची. तू एकेक अक्षराची जागा वाचवायचीस ते. मासिक आल्यानंतर मी चपटीसमोर पुन्हा बसलो नाही. तू दोन-तीनदा हाक मारलीस, मी अभ्यास आहे म्हणालो.

आणि बाबा. ते पान त्यांनी घडी करून खिशात ठेवलं होतं, बोटीवर सगळ्यांना दाखवायचे. जाईपर्यंत त्यांना वाटत राहिलं की ते मुलाने केलं. हे एक आता दुरुस्त होणार नाही. तुझ्यापेक्षाही तिथे मी जास्त अडकतो.

आता काय केलं ते सांगतो. मेळावा भरवणारे क्लबवाले महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटतात. गेल्या आठवड्यात मी गेलो. आठ-दहा जण होते, कुणी सुटलेल्या तारा सोल्डर करत होतं, कुणी कॅसेटी पुसत होतं. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "परतीची बोट माझ्या बहिणीने लिहिली. मी नाव चोरलं. आकडे मला आठवत नाहीत असं नाही, मला ते कधी माहीतच नव्हते."

दंतवैद्यांनी हातातलं खाली ठेवलं. बसचालकाने माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघत राहिला. त्याने या वेळी माझा हात धरला नाही, आणि ते बरोबरच होतं. ग्रंथपाल बाईंनी नोंदीचं पान उघडलं.

"पूर्ण नाव सांगा त्यांचं."

मी म्हटलं, "माहेरचं की सासरचं?"

"ते तुम्ही कसं ठरवणार," त्या म्हणाल्या. "त्यांनाच विचारा. तोवर मी जागा कोरी ठेवते."

विचारतोय. माफी माग म्हणालीस तर पाय धरून मागेन. मागू नको म्हणालीस तर मागणार नाही. मेळावा पुन्हा जूनमध्ये एकदा होणार आहे, फक्त तुझ्यासाठी बोलावताहेत. तू न आलीस तरी ते समजून घेतील, असं बाईंनी सांगितलंय.

उत्तराची वाट पाहणारा
धाकट्या


२ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. ह्यांचा गुडघा आता बरा आहे, जिने चढतात. तुझ्या भाचीला नोकरीत कायम केलं. तुझ्या बायकोला सांग, तिने विचारलेलं सगळं आलं.

मी पत्र लिहिणारी बाई नाही. उशीर राग धरून केला असंही नाही. पहिलं पत्र वाचलं आणि त्या खेळाची घंटा कानात सुरू झाली. कापड कापताना, भाजी निवडताना, सारखी. मी कितीतरी दिवस त्या धुक्यातच फिरत होते.

राग आला नव्हता असं लिहून तुला मोकळं करणार नाही. आला होता. पुष्कळ वर्षं होता. पण तू समजतोस त्या जागी नव्हता. नाव छापून आलं त्या दिवशी मी दोरीवरचे कपडे काढता काढता ठरवलं होतं की तुला दोन दिवस देईन, तू येऊन सांगशील, मी एक चापट मारीन आणि आपण दुसरा खेळ लिहायला घेऊ. मनात तयार होता तो. तू आला नाहीस. हाक मारली तरी आला नाहीस. एकटीला त्या टीव्हीसमोर बसवेना. मग मी चपटी खोक्यात घातली. नाव गेलं त्याचं मला तितकं लागलं नाही, जितकं शेजारची जागा रिकामी झाली त्याचं लागलं. हे तू एकदाही मनात आणलं नाहीस, तुझ्या दोन्ही पत्रांतही नाही.

आता आकडे. तुझ्या दंतवैद्यांना सांग, ते बाबांच्या डायरीतले आहेत. वायरलेसवरून रोज हवामान कळवायचं काम त्यांच्याकडे असायचं, त्यात समुद्रावर किती लांबचं दिसतंय त्याला शून्य ते नऊ असा आकडा असतो. शून्य म्हणजे काहीच दिसत नाही. चपटी आणली त्या सफरीत ते दोनशे बारा दिवस बाहेर होते. आई तेव्हा सारखी म्हणायची, आज त्यांना काय दिसत असेल. ते घरी आल्यावर मी त्यांची डायरी मागून घेतली आणि रोजचा आकडा उतरवला. दर फेरीला जे धुकं पडतं ते त्या त्या दिवशी बाबांच्या बोटीसमोर होतं ते.

आणि बाबांचं तू जे लिहिलंस, त्यासाठीच खरं म्हणजे हे पत्र लिहितेय.

मासिक आल्यावर ते सुट्टीवर आले तेव्हा तू सहलीला गेला होतास. त्यांनी एका दुपारी मला खोक्यातून चपटी काढायला लावली आणि मुलाचा खेळ म्हणून खेळायला बसले. दहा-बारा फेऱ्या गंमत म्हणून खेळले. मग तीन फेऱ्या लागोपाठ ठार पांढऱ्या आल्या आणि चौथीला एकदम लख्ख. त्यांनी हात बटणांवरून उचलला. म्हणाले, "हे मी पाहिलंय. तीन दिवस आम्हाला आमच्याच बोटीचं टोक दिसत नव्हतं." मग डायरी कुणी मागितली होती ते त्यांना आठवलं. माझ्याकडे बघत राहिले. "सांगू का त्याला?" म्हणाले. मी म्हटलं, नको, तो येऊन सांगेल. ते बरं म्हणाले. पुढची फेरी खेळले. ती बोट त्यांनी घंटेवर कान ठेवून सावकाश किनाऱ्याला लावली.

ते पान ते लोकांना दाखवायचे, हे खरं. पण ह्यांना लग्नात भेटले तेव्हा त्यांनी पान काढून म्हटलं होतं, "यावर नाव मुलाचं आहे, डोकं मुलीचं." ह्यांनी मला ते दहा वर्षांनी सांगितलं. तेव्हा तू बाबांपुरता आता मोकळा हो. माझ्यापुरता लगेच होऊ नकोस.

ग्रंथपाल बाईंना माझं माहेरचं नाव दे, पूर्ण. बाबांचं नाव मधे येतं ते गाळू देऊ नकोस. तुझं नाव काढायला सांग, 'सोबत' म्हणूनही ठेवायचं नाही. बसचालकांना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्या आईचं पुढे काय झालं ते विचारून ठेव.

जूनमध्ये मी येईन. न्यायला येऊ नकोस, माझी मी येईन. माफी पत्रातून नको आणि पाय धरून तर नकोच, हॉलमध्ये चारचौघांत तमाशा होईल. पुढची खुर्ची मी घेणार आहे. तिच्या शेजारी एक ठेवायला सांग आणि त्या दिवशी अभ्यास आहे म्हणू नकोस.

तुझ्यावर अजून रागावलेली,
'परतीची बोट' लिहिणारी,
ताई