सौम्याने काढलेली विकेट

मी, श्रीमती पंकजाबाई, कै. व्यंकटरमण राव यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त व्यायामशिक्षिका, राहणार महामहम् तळ्याच्या उत्तरेची गल्ली, कुंभकोणम, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर नंदिता यांनी तपासून तसा दाखला दिला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. मला राग आलेला आहे, आणि राग येणे म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, हे माझ्या वकील पवित्रा यांनी मान्य केले आहे. मी तमिळमध्ये लिहावे असा त्यांचा आग्रह होता. तमिळ तर्जुमा सोबत जोडला आहे, पण मूळ मराठीतच राहील. आमची तंजावरकडची मराठी महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना जुनाट वाटते. वाटो. मला नीट रागावता येते ते याच भाषेत.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझे सर्व काही धाकटा भाऊ वैद्यनाथ याला जात होते. ते मी रद्द करीत आहे.

कलम १. राहते घर. हे घर माझ्या आणि यजमानांच्या पगारातून बांधलेले आहे. वडिलोपार्जित मालमत्तेचा पैसा त्यात नाही. ते मी वैद्यनाथची नात, गिरीशची मुलगी सौम्या हिला देत आहे. सौम्याने पुन्हा क्रिकेट खेळावे अशी अट घालावी, असे पवित्रा म्हणाल्या. मी अट घातलेली नाही. त्या मुलीला पुष्कळ लोकांनी पुष्कळ अटी घालून झाल्या आहेत.

कलम २. ओसरीवरचा टीव्ही, दोन बाक आणि वेताच्या खुर्च्या. या वस्तूंबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल.

यजमानांना सगळ्या खेळांचे वेड होते. दर संध्याकाळी आमच्या ओसरीवर मंडळी जमत. वैद्यनाथ येई, शेजारचे शामसुंदर येत, पुढे सौम्याही मोठी होऊन त्यांच्यात वाद घालू लागली. कॉफी माझी असे आणि विषय एकच: नियम काय सांगतो, आणि न्याय कशात आहे. यजमानांची शिस्त होती की आधी नियम वाचा, मग बोला. ते गेल्यावर बैठक मी चालू ठेवली. घर रिकामे वाटू नये हाही हेतू होता.

या बैठकीत मी काय काय ऐकले आहे ते नोंदवून ठेवते. फुटबॉलमध्ये एका परदेशी खेळाडूने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला, लाल कार्ड घेतले, आणि त्याचा संघ जिंकला. शामसुंदर म्हणाले, त्याने शिक्षा भोगली, आता बोलायचे काय? कबड्डीत पुढे असलेला संघ शेवटच्या चढाया नुसता वेळ काढत घालवतो. वैद्यनाथ त्याला डोके म्हणतो. टेनिसवाला हरू लागला की पाय धरून बसतो, तेही नियमात बसते म्हणून चालते. आणि आपल्याच एका पुरुष गोलंदाजाने, चेंडू हातातून सुटण्याआधी क्रीज सोडून पळणाऱ्या, गोलंदाजाच्या टोकाच्या फलंदाजाची यष्टी उडवली, तेव्हा याच ओसरीवर माझ्या भावाने मांडीवर थाप मारली होती. चोराला कोण आधी सांगून पकडतो, असे तो म्हणाला होता. मीही त्याच्याशी सहमत होते. आजही आहे.

तर हा टीव्ही, बाक आणि खुर्च्या मी माझ्या जुन्या शाळेच्या मुलींच्या क्रीडा विभागाला देत आहे. शामसुंदर यांना यातले काहीही मिळणार नाही. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ३. बँकेतील ठेव. ही ठेवही सौम्याची. ती का, हे लिहिण्यासाठी गेल्या वर्षीचा आडुतुरै गावातला सामना सांगते.

वैद्यनाथ ‘कावेरीतीर क्रीडा मंडळा’चा सचिव आहे. मंडळाच्या मुलींच्या संघात सौम्या डावखुरी फिरकी टाकत असे. अंतिम सामना होता, समोर मोठ्या गावाचा संघ होता, आणि त्या संघाचे आश्रयदाते जिल्ह्याच्या निवड समितीवर होते. मी तंबूत वैद्यनाथच्या शेजारी बसले होते. शामसुंदरही होते.

शेवटचे षटक सौम्याचे होते. त्यांची शेवटची जोडी खेळत होती आणि जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या. सौम्याच्या टोकाला उभी असलेली त्यांची मुलगी प्रत्येक चेंडू सुटण्याआधीच धावायला निघत होती. मला तंबूतून दिसत होते. सौम्या धावत आली, थांबली, आणि बेल्स उडवल्या. मुलगी क्रीजबाहेर चांगली दोन हात होती. पंचांनी बोट वर केले. हा बाद होण्याचा प्रकार पूर्वी अनुचित खेळाच्या नियमात लिहिलेला असे, तिथून काढून तो आता साध्या धावबादात घातला आहे. आधी ताकीद द्यावी असे कुठेही लिहिलेले नाही. सामना आम्ही जिंकला होता.

वैद्यनाथ उठला. त्याने त्या आश्रयदात्यांकडे पाहिले आणि तो मैदानात गेला. आमच्या कप्तान मुलीला त्याने अपील मागे घ्यायला लावले. कप्तान एकोणीस वर्षांची पोर, सचिवापुढे काय बोलणार? तिने मागे घेतले. पळणाऱ्या मुलीला परत बोलावले आणि पुढच्या दोन चेंडूंत ते जिंकले. बक्षीस समारंभात वैद्यनाथला ध्वनिक्षेपक दिला. तो म्हणाला, आमच्या मुलीकडून खेळाच्या भावनेला धक्का लागला, त्याबद्दल मंडळ दिलगीर आहे. सौम्याला पुढे बोलावून त्या मुलीचा हात हातात घ्यायला लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शामसुंदरांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. वरून मला म्हणाले, मुलींना असला लबाडपणा शोभत नाही.

मी सौम्याला स्कूटरवर मागे बसवून घरी आणले. वाटेतले तिरुविडैमरुदूर गाव मागे पडले. मग तिने विचारले, "आजी, मी काय चुकले?"

मी म्हणाले, "काही नाही."

"मग आजोबांनी माफी कोणाच्या वतीने मागितली?"

पुढे निवड झाली. जिल्ह्याच्या संघात तिचे नाव आले नाही. समितीने तोंडी कळवले की वृत्ती बरी नाही. तिने बूट मैत्रिणीला देऊन टाकले. गिरीशने, म्हणजे तिच्या बापाने, आपल्या वडिलांना एक शब्द विचारला नाही. म्हणून गिरीशचेही नाव या मृत्युपत्रात पुढे येणार नाही.

कलम ४. भाऊ वैद्यनाथ. यास काहीही देऊ नये.

हे मी रागाच्या भरात लिहिले असे तो कोर्टात म्हणेल, म्हणून कारण देते. आमचे वडील वारले तेव्हा दारासुरम्‌चे वडिलोपार्जित घर आणि भातशेती वाटणीला आली. माझे लग्न आधीच झालेले होते. आमच्या राज्यात मुलींना हक्क देणारा कायदा झाला खरा, पण तो आधी लग्न झालेल्यांना लागू नव्हता. मी शेती मागितली नाही. आईच्या खोलीपुरते माहेर राहू दे, एवढेच म्हटले होते. वैद्यनाथ म्हणाला, "अक्का, नियम तो नियम. मी काय करू?" आई असेपर्यंत मी त्या घरात पाहुणी म्हणून गेले आणि ती गेल्यावर त्याने घर विकले. मी गप्प बसले. नियम खरोखर तसाच होता.

ज्या माणसाला बहिणीच्या वेळी नियमाच्या पलीकडे काही दिसले नाही, त्याला नातीच्या वेळी नियमाच्या पलीकडचे सगळे दिसले. दोन्ही वेळा नुकसान मुलीचे झाले आणि दोन्ही वेळा तो सज्जन ठरला.

गेल्या महिन्यात तो माझ्याकडे आला. मी अंथरुणाला खिळले आहे हे त्याला कळले होते. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "अक्का, मी घाबरलो होतो. ते समितीवर होते. त्यांनी आमच्या मंडळाचे मैदान काढून घेतले असते."

"मग ध्वनिक्षेपकावर तसे सांगायचे होतेस."

"तसे कसे सांगणार?"

"मग आता सौम्याला सांग."

तो म्हणाला, बघतो. मी थांबले. त्यानंतर दोन वेळा आला, फळे आणली, हवापाण्याचे बोलला, गेला. सौम्याला त्याने आजवर काही सांगितलेले नाही. तो घाबरला होता हे मी समजू शकते. मी नवीन मृत्युपत्र लिहायला बसले ते त्याच्या तिसऱ्या भेटीनंतर.

कलम ५. किरकोळ. माझी बॉल बॅडमिंटनची रॅकेट सुब्बलक्ष्मीला, ती माझी जोडीदार होती आणि अजून तिचा बॅकहँड माझ्यापेक्षा बरा आहे. स्कूटर कामाला येणाऱ्या पंकजवल्लीला. दारासुरम्‌ची जांभळी रेशमी साडी कोणालाही देऊ नये, मला नेसवावी.

कलम ६. अंत्यविधी. मला मूल नाही. रीतीप्रमाणे अग्नी भावाने किंवा त्याच्या मुलाने द्यायचा. तसे होऊ नये. अग्नी सौम्या देईल. मी तिला विचारले आहे. ती हो म्हणाली. मी आमच्या शास्त्रीबुवांनाही घरी बोलावून विचारले. ते म्हणाले, मनाई अशी कुठे मला आढळत नाही, पण आपल्यात तशी रीत नाही, लोकांना बरे वाटणार नाही. मी त्यांना सांगितले की मनाई नाही एवढेच मला ऐकायचे होते, आणि दक्षिणा त्याच वेळी दिली.

कोणी आयत्या वेळी पुढे होऊन तिला मागे सारू लागल्यास पवित्रा वकिलांनी हे कलम सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे. वैद्यनाथला यायचे असेल तर त्याने यावे. त्याला अडवू नये. त्याने बघणाऱ्यांत उभे राहावे.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला समजले, आणि यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही.

सही: पंकजाबाई

मृत्युपत्राच्या व्यवस्थापक: पवित्रा, वकील

वरील सही पंकजाबाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: डॉक्टर नंदिता, कुंभकोणम
साक्षीदार २: साईकुमार, निवृत्त कबड्डी पंच, कुंभकोणम

स्थळ: कुंभकोणम
दिनांक: १४ ऑगस्ट २०२५