पदर एकाच टोकाला

आबा, रविवारची सकाळ आहे. आई स्वयंपाकघरात मिक्सरमध्ये ओलं खोबरं फिरवतेय आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा धावताहेत. अर्धी आळी आपल्याकडे मालिका बघायला जमलीय. कुणीतरी ओरडतं, "वहिनी, मिक्सर बंद करा, देव दिसंना झालाय!" आई आतून म्हणते, "देव काय चटणी वाटून देणार हाय का मला?" सगळे हसतात. तुम्ही मात्र उठता, खिशातला छोटा ट्रान्झिस्टर काढता, जिथे कुठलंच स्टेशन लागत नाही तिथे काटा नेता आणि तो मिक्सरजवळ धरता. त्यातून घर्र असा आवाज येतो. तुम्ही मला जवळ बोलावता. "ऐक. मशीन बोलतंय. समदी मशिनं बोलत्यात, पोरी. काय हळू बोलत्यात, काय दुसऱ्याचं बोलणं मोडून बोलत्यात." मी तेव्हा कॉलेज संपवून घरी आले होते आणि मला तो आवाज नुसता कर्कश वाटला होता.

आता माझ्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं एक मशीन आहे. त्याची बॅटरी संपत आलीय, ती बदलायला परवा पुण्याला जायचं आहे. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलंय: मोबाईल डाव्या बाजूला ठेवायचा नाही, वेल्डिंग चालू असेल तिथे उभं राहायचं नाही, दुकानाच्या दारातल्या तपासणीच्या कमानीत रेंगाळायचं नाही. त्या म्हणाल्या, "घाबरू नका, हल्लीच्या मशीनला आतून चांगलं आवरण असतं." मी विचारलं, "आवरण कुठे बांधलंय?" त्यांना प्रश्न कळला नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, आणि म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुमचे वडील सुप्याकडच्या माळावर मेंढरं राखायचे. गळ्यातल्या घुंगराच्या आवाजावरून कुठलं मेंढरू लंगडतंय ते तुम्ही लहानपणी सांगायचा, असं आत्या म्हणायची. तोच कान घेऊन तुम्ही बारामतीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलंत. पुण्याच्या कॉन्व्हेंटमधल्या प्रार्थनेच्या हॉलचे भोंगे कुणालाच नीट करता येईनात, ते तुम्ही एका दुपारी केलेत आणि सिस्टरांनी काय देऊ म्हणून विचारल्यावर म्हणालात, "माझ्या पोरीला हितं शिकवा." मला बोर्डिंगमध्ये सोडून जाताना तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत. तिथे मी इंग्रजी शिकले, आणि शिवण. शिवणाच्या सिस्टर फार कडक होत्या. धाग्याचं टोक मोकळं दिसलं की पट्टी घेऊन यायच्या. "मोकळं टोक म्हणजे अर्धवट काम. टोक बांधल्याशिवाय उठायचं नाही." माझ्या बोटांना ती सवय इतकी लागली की अजून कुणाच्या बाहीचा दोरा लोंबताना दिसला तर माझा हात पुढे जातो.

नव्वदीच्या त्या वर्षांत बारामतीत एकाएकी हवेतून बोलणं सुरू झालं. घराघरांत बिनतारी हँडसेटचे फोन आले, काही पुढाऱ्यांच्या पट्ट्याला पेजर लटकले, कारखान्यांतले साहेब वॉकीटॉकी घेऊन हिंडू लागले. तुमच्याकडे येणाऱ्या तक्रारीही बदलल्या. कुणाच्या फोनवर शेजारच्यांचं भांडण ऐकू यायचं, कुणाच्या टीव्हीत पोलिसांचं बोलणं. लोक हसायचे. तुम्ही हसत नव्हता. "हवा भरत चाललीय," म्हणायचा. "उद्या कोण कुणाला काय सांगतंय त्ये मशिनलाच कळायचं न्हाय."

इंदापूर रस्त्याला ती पुठ्ठ्याची गिरणी होती, आता तिथे नुसता पत्रा उरलाय. उसाच्या भुशाचा लगदा करून पुठ्ठा बनवायचे. मालकांनी नवा पट्टा बसवला होता, भुसा वाहून नेणारा, ज्याचा वेग एका गोल बटणाने कमीजास्त व्हायचा. आणि त्याच महिन्यात वॉकीटॉकी घेतले. मालक पट्ट्याजवळ उभे राहून बोलायला लागले की पट्टा झटका द्यायचा. कामगार म्हणायचे, मालकाला भितोय. पुण्याचा इंजिनियर दोनदा येऊन गेला, मग तुम्हाला बोलावणं आलं. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलंत. मी सकाळी शाळेत शिकवायचे, दुपारी तुमच्या मागे स्कूटरवर.

तुम्ही ट्रान्झिस्टर घेऊन पट्ट्याच्या कडेकडेने चाललात आणि बटणापासून मोटरच्या पेटीपर्यंत गेलेल्या साध्या तारेपाशी थांबलात. "ही तार न्हाय, अँटेना हाय," म्हणालात. मग ती काढून जाळीची वायर टाकलीत, जिच्यावर तांब्याच्या बारीक तारांची वीण असते. तिला तुम्ही पदर म्हणायचा. आतल्या तारेवर पदर घेतला की बाहेरचं बोलणं तिला ऐकू जात नाही. बटणाकडच्या टोकाला तुम्ही पदर अर्थिंगला जोडलात. दुसरं टोक, पेटीतलं, तसंच सोडून तुम्ही मालकांबरोबर चहाला गेलात.

मी पेटीपाशी एकटी होते. तांब्याच्या तारांचं ते मोकळं टोक आत लोंबत होतं. त्या वर्षी तुमचा मोतीबिंदू वाढला होता, दोनदा तुम्ही चुकीचा स्क्रू उचलला होता. मला वाटलं, आबा विसरले. आणि मालकांपुढे ती चूक उघडी पडायला नको. मी टोकाला पीळ दिला, शेजारच्या अर्थिंगच्या बोल्टला गुंडाळलं, सिस्टरांनी शिकवल्यासारखं दोनदा, आणि नट आवळला. झाकण लावलं. तुम्ही परत आलात तेव्हा झाकण लागलेलं बघून म्हणालात, "झाली का माझी असिस्टंट?" मालकांनी वॉकीटॉकीवर आरोळी ठोकली. पट्टा हलला नाही. लगदा करणारी मोठी मोटर त्या दिवशी दुरुस्तीला उघडून ठेवली होती, म्हणून सगळं शांत होतं. मालकांनी पाठ थोपटली तेव्हा तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "पोरगी इंग्रजी वाचती म्हणून जमलं, साहेब."

परतताना वारा समोरून होता आणि तुम्ही मान मागे वळवून ओरडून बोलत होता. फार खुशीत होता. "एक गंमत सांगतो. पदर एकाच टोकाला खोचायचा आसतो. दुसरं टोक मुद्दाम मोकळं ठिवलंय म्या. दोन्हीकडं बांधलं, की मोठी मोटर चालू झाल्यावर जमिनीतला करंट पदरातनंच फिरतो. मग बटण शून्यावर आसलं तरी मशिनला वाटतं, कुणीतरी चल म्हणलं."

मी तुमच्या पाठीला धरून बसले होते. तोंड उघडलं, तर वारा आत गेला. सांगायचं होतं, खरंच सांगायचं होतं. पण तुम्ही पुढे म्हणालात, "आज तुझ्या आयला सांगतो, कॉन्व्हेंटात घातल्याचं चीज झालं." मी ठरवलं, उद्या शाळेतून परस्पर जाईन आणि ते सोडवीन. तुम्हाला कळणारही नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी लागली. तिसऱ्या दिवशी माझ्या मनाने सांगितलं की पट्टा तर चालूच आहे, काही असतं तर एव्हाना बोलावणं आलं असतं.

चौथ्या दिवशी गिरणीतला फिटर दुकानात आला. पायरीवरच बसला. "आबा, पट्टा आपोआप चालला."

"कसा?"

"भुसा आडकला व्हता. बटण शून्यावर, म्या सोता फिरवलं. बाया हातानं भुसा काढत व्हत्या. आन् पट्टा सरकला, आबा. जोरात न्हाय, हळूच. गोगलगाय चालती तसा. कुणाला कळलंच न्हाय. एकीचा हात रोलरखाली गेला तवा कळलं."

"मोठी मोटर?"

"चालू व्हती की. कालपास्नं."

त्या बाईच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. सुप्याकडचीच होती, तुमच्या माळाच्या पलीकडच्या वस्तीवरची, नवऱ्याबरोबर गिरणीच्या चाळीत राहणारी. संध्याकाळी मालक आले. ते ओरडले नाहीत, तेच वाईट होतं. म्हणाले, "आबा, पेटीला कुणाकुणाचा हात लागला होता?" आणि तुम्ही माझ्या आधी, माझ्याकडे न बघता म्हणालात, "माझंच काम हाय त्ये." "पेटी उघडून बघतो एकदा," असंही म्हणालात, पण मालकांनी तोवर सगळी वायरिंग उपटून टाकली होती आणि तुम्हाला फाटकाच्या आत घेतलं नाही. त्यामुळे बोल्टला दिलेली ती गाठ तुम्ही कधीच पाहिली नाहीत.

त्यानंतरचे महिने मला सगळ्यात जास्त आठवतात. तुम्ही दुकानातल्या टेबलावर छोटी गिरणी मांडली. एक लहान मोटर, मोठ्या मोटरच्या जागी पंख्याची मोटर, गोल बटण, आणि जाळीची वायर, तिचं दुसरं टोक गिरणीत सोडलं होतं तसंच मोकळं. पट्ट्याऐवजी रबराची नाडी. गिऱ्हाइकांचे टीव्ही तसेच पडून राहायचे आणि तुम्ही बटण शून्यावर आणून नाडीकडे बघत बसायचा. नाडी हलायची नाही. वायर बदला, वॉकीटॉकी मागून आणा, हलायची नाही. मी शाळेतून येऊन तुमच्यापुढे चहा ठेवायचे. "जेवून घ्या, आबा." "हलाया पायजे," तुम्ही म्हणायचा. "हितं हलत न्हाय, तर तितं का हलली?" तुमच्या कानावरचा तुमचा विश्वास दिवसादिवसाने कमी होताना मी टेबलाच्या या बाजूने बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. रोज ते वाक्य आदल्या दिवसापेक्षा जड व्हायचं.

मग एका दुपारी तुम्ही दुसरं टोकही बांधलंत. पंख्याची मोटर लावली. नाडी सरकली. हळूच, फिटरने सांगितलं होतं तशी. तुम्ही ती बराच वेळ बघत राहिलात आणि मग माझ्याकडे वळलात. तुमच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "बघ. आसं झालं. म्हंजी दुसरं टोक म्याच बांधलं. पण मला आठवंना झालंय गं. तू व्हतीस की माझ्यासंगं. म्या बांधलं व्हतं का?"

आणि मी म्हणाले, "असेल, आबा. माझ्या लक्षात नाही."

तुम्ही मान हलवलीत. मोटर बंद केलीत, वायर गुंडाळून खणात टाकलीत. त्यानंतर तुम्ही सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नाही. लोक आले तर सांगायचा, "आता माझ्या हाताचा भरवसा न्हाय." मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसायला स्वच्छ लागलं, तरी तेच. बारामतीत पहिले मोबाईल आले त्या वर्षी तुम्ही गेलात. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात एकाच्या खिशात फोन वाजायच्या आधी शेजारचा रेडिओ टकटक करायचा, ते फक्त तुम्हाला ऐकू यायचं. तुम्ही म्हणायचा, "फोन येतोय त्याला," आणि फोन यायचा. नर्सला नवल वाटायचं. तुमचा कान शेवटपर्यंत बरोबर होता, आबा. तुम्ही काहीही विसरला नव्हता. तुम्ही पदर एकाच टोकाला खोचला होता.

काही वर्षांनी ती बाई मला सुप्याच्या बाजारात दिसली. खाली गोणपाट टाकून कांदे विकत होती. मी एक किलो मागितले. डाव्या हाताने तिने कांदे उचलले आणि सहज म्हणाली, "ताई, पिशवीचं त्वांड तेवढं उघडून धरा." मी धरलं. ती हसली. "हात व्हता तवा मी लई भांडखोर व्हते, आता समद्यांची मदत लागती, गोड बोलावं लागतंय." मी विचारलं, काय झालं हाताला. म्हणाली, "गिरणीत एक म्हातारा वायरमन व्हता, त्याला दिसत न्हवतं. चांगला मानूस व्हता म्हणत्यात. पर त्याला दिसत न्हवतं." मी कांदे घेऊन घरी आले. ते मी शिजवले नाहीत.

परवा पुण्याला जायच्या आधी हे ठरवून ठेवते. तुमचं मीटर आणि सगळी हत्यारं धाकट्या भावाच्या मुलाला. तो आयटीआयमध्ये शिकवतो, त्याच्या हातात ती चालतील. दुकानाचा गाळा बंद आहे, तो त्या बाईच्या सुनेच्या नावाने करायचे कागद वकिलांकडे दिले आहेत. सून शिवणकाम करते, तिला रस्त्यावरची जागा हवी होती. ट्रान्झिस्टर आत्याच्या नातवाला. टेबलावरच्या प्रयोगांची तुमची वही मात्र त्या बाईला. तिला वाचता येत नाही, सुनेने तिला मोठ्याने वाचून दाखवावी, आणि वहीच्या शेवटी माझ्या हातचं एक पान असेल तेही. त्या पानावर बोल्टला गाठ कुणी दिली, कुणाला ती चौथ्या दिवसाच्या आधी माहीत होती, आणि वायरमनला त्या पेटीतलं व्यवस्थित दिसलं होतं, एवढंच लिहायचं आहे. माझं नाव गाळायचं नाही.

आबा, ते पान अजून लिहिलेलं नाही. सकाळपासून त्या बाईसाठी तीन कागद घेतले आणि तिन्हींवर वरती "आबा" असंच आलं.