आमच्या अंगणातले दोन खड्डे

मी, प्रियदर्शनी तातेराव साळवे, वय २६, राहणार टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना, घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. मी परत येणार आहे. न आल्यास घरात वाद नको.

१. माझ्या पगारातून घेतलेली जागा व तीवरचे घर आई गिरिजाबाई व बाबा तातेराव यांच्याकडे हयातभर राहील. त्यानंतर ते भाऊ आर्यनचे, कलम ५ च्या अटीवर.

२. माझी स्कूटी मैत्रीण तरन्नुम हिला. मागचा ब्रेक सैल आहे, आधी दाखवून घ्यावा.

३. घरामागच्या संडासाला दोन खड्डे आहेत. ग्रामपंचायतीच्या नियमाप्रमाणे ते हातपंपापासून पन्नास फुटांवर आहेत आणि त्यांचा तळ कच्चा आहे. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवावा. तो भरला की त्याचे तोंड बंद करून दुसऱ्याचे उघडावे. बंद खड्ड्याला दोन वर्षे हात लावू नये. तेवढ्यात मैल्याची माती होते. गवंड्याने आपल्या मनाने दोन्ही तोंडे उघडी ठेवली होती. म्हणाला, "राहू द्या ना ताई, जल्दी भरणार न्हाई." गावात पुष्कळ घरी हीच चूक आहे. दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि मग उपसायला माणूस शोधावा लागतो. मी त्याच्यासमोर एक तोंड विटेने बुजवले. यापुढे हे काम आईने करावे. तिला ते बराबर येते.

४. शेजारचे भुजंगकाका यांना यापुढे जो खड्डा उघडेल त्यातले सोनखत एक पोते द्यावे. खड्ड्यांची आखणी चालू असताना ते ओट्यावरून ओरडले होते, "तातेराव, पोरगी बीए झाली अन् संडास मोजून राह्यली!" आई म्हणाली, "मोजू द्या भाऊजी. तुम्हाला तर अजून रानात जागा धुंडावी लागते." पहिला खड्डा भरून बंद केल्यावर दोन वर्षांनी उघडला, तेव्हा काळी, भुसभुशीत, बिनवासाची माती निघाली. काकांनी मूठभर हुंगून विचारले, "कुठून आणलं गं शेणखत? बिलकुल चांगलं हाये." मी सांगितले. मग ते बराच वेळ हातपंपावर हात धूत होते. यंदा मोसंबीसाठी त्यांनीच मागितले. त्यांना या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे मी समजावल्यावर म्हणाले, "मंग सही जाऊ दे, पोतं दे."

५. आर्यनला लग्नाआधी बंद खड्ड्यावर खोली काढायची आहे आणि संडासाला एकच मोठी टाकी करायची आहे. "ताई, पंधरा वर्षं बघायलाच नको." मी विचारले, "आणि सोळाव्या वर्षी आत कोण उतरणार?" बाबा जेवणावरून उठून गेले. कारण नंतर आईने सांगितले. बाबा जालन्यात मजुरीला असताना अशीच एक टाकी उपसायला आत उतरले होते, सोबत त्यांच्या जोडीचे मजूर संपतकाका होते. बाबांना दोराने वर ओढले. संपतकाकांना काढेपर्यंत उशीर झाला होता.

मला माझ्या पदवीचा अभिमान आहे. या अंगणात माणसाला मैल्यात न उतरवता मैला संपतो, हे मी करून दाखवले, याचा त्याहून जास्त आहे. म्हणून अट अशी: दोन्ही खड्डे कायम राहतील आणि त्यांवर बांधकाम होणार नाही. ज्या दिवशी या घरासाठी कोणी माणूस मैल्याच्या टाकीत उतरवला जाईल, त्या दिवसापासून हे घर संपतकाकांची मुलगी पायल हिचे.

हे वाचून आर्यन म्हणाला, "खोली गच्चीवर बांधतो. तू फक्त परत ये." त्याचा शब्द मला मान्य आहे. तरीही अट कायम.

सर्व मजकूर मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. बाबांनी कलम ५ दोनदा वाचायला लावले. आता खालील दोघांच्या समोर सही करत आहे.

सही: प्रियदर्शनी तातेराव साळवे

साक्षीदार:
१. अप्पाराव किसन जाधव
२. उषाबाई रंगनाथ म्हस्के

स्थळ: टेंभुर्णी
दिनांक: ९ जानेवारी २०२६